एका रात्रीची सोय

भाऊबीज पंधरा दिवसांवर आली तेव्हा मी चिंध्यासाठी जागा बघायला लागले. एकच रात्र काढायची होती त्याला. पण त्या एका रात्रीच्या विचाराने पंधरा दिवस मला धड जेवण गेलं नाही.

नंदुरबारला माझा थोरला भाऊ राहतो, रामदास. एक्याऐंशी वर्षांचा. उन्हाळ्यात त्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून तो अंथरुणावर आहे. त्याचा मुलगा योगराज फोनवर म्हणाला, आत्या, या वर्षी तुम्हीच या, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. मी हो म्हटलं. मग त्याची बायको वर्षा बोलायला आली. दादांना नळी लावली आहे, जंतूंची फार काळजी घ्यावी लागते, घरात कुत्रं-मांजर येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, असं ती बोलता बोलता म्हणाली. मी लगेच म्हटलं, छे, मी कशाला आणतेय त्याला. माहेरी गेलेल्या बाईने घरच्या सुनेला कशाची अडचण सांगू नये, दिलं ते घ्यावं आणि हसत निघावं, असं आम्हाला आईने शिकवलं होतं. बहात्तराव्या वर्षीही ते सुटलेलं नाही.

चिंध्या बारा वर्षांचा आहे. माझे यजमान दिलीप सुरतेत, उधन्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये फोल्डिंग खात्यावर होते. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एके संध्याकाळी ते डब्याच्या पिशवीत एक पिल्लू घेऊन आले. कापडाच्या चिंध्यांच्या पोत्यात सापडलं होतं, म्हणून नाव चिंध्या. दिलीप जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या मागोमाग वर्षभरात चिंध्याला झटके यायला लागले. अंग ताठ होतं, तोंडाला फेस येतो, पाय हवेत चालतात. सकाळी आठला आणि रात्री आठला गोळी, त्यात अर्ध्या तासाचीही कुचराई चालत नाही. ती गोळी तो फक्त कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीच्या तुकड्यात खातो. गव्हाच्या पोळीत दिली तर पोळी गिळतो आणि गोळी जमिनीवर काढून ठेवतो.

त्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, गोळी चुकवू नका आणि त्याला घाबरू देऊ नका. या वयात मोठा झटका आला तर हृदय सोसणार नाही.

शेजारी कोणाकडे ठेवावा म्हटलं तर दिवाळीत आमची सोसायटी ओस पडते. अर्धी माणसं धुळे-जळगावकडे जातात, अर्धी सौराष्ट्रात. सून भाऊबीजेला तिच्या भावाकडे जळगावला जाणार होती. माझे गुडघे असे, की तुषारने गाडीने नेल्याशिवाय मला नंदुरबार गाठता येत नाही. तुषार माझा मुलगा, चव्वेचाळीस वर्षांचा, बँकेत आहे. तो म्हणाला, "आई, आता कुत्र्यांची हॉटेलं निघालीत. तू उगाच जीव टांगणीला लावतेस."

पहिली जागा आम्ही वेसूला पाहिली. काचेचं दार, एसी, भिंतीवर हाडकांची चित्रं. तिथल्या मुलीने मला मोबाइलवर दाखवलं, की तुमचा कुत्रा काय करतोय ते तुम्हाला नंदुरबारहून दिसेल. आत सोळा खोल्या होत्या आणि एकही कुत्रा भुंकत नव्हता. शाळेत एकतीस वर्षं काढलेली बाई मी. सगळा वर्ग एकदम गप्प बसला, की त्याचा अर्थ मला कळतो.

मी तिला विचारलं, रात्री चावी कोणाकडे असते?

तिला प्रश्न समजला नाही. तुषारने चेहरा दुसरीकडे फिरवला. मग ती म्हणाली, की दहाला स्टाफ घरी जातो, दार नंबर दाबून उघडतं, आणि रात्रभर कॅमेरा बघत असतो. मी चिंध्याची साखळी उचलली आणि बाहेर आले.

गाडीत तुषार चिडून म्हणाला, "चावीचं काय विचारतेस? बँकेचा लॉकर आहे का तो?"

चावीचं मला माहीत होतं.

चौऱ्याण्णव साली आम्ही उधन्याला चाळीत राहत होतो. आठही प्रहर मागांचा आवाज यायचा. पहिल्या पहिल्यांदा झोप लागायची नाही, पुढे गावी गेलं की त्या आवाजावाचून झोप लागेना. आमच्याकडे तांबू नावाची कुत्री होती, तुषारच्याच वयाच्या पोरांत वाढलेली. त्या भादव्यात सुरतेत प्लेगची बातमी आली आणि दोन दिवसांत गल्ल्या रिकाम्या व्हायला लागल्या. तोंडाला रुमाल बांधून माणसं स्टेशनकडे पळत होती. आम्हीही रात्रीच्या गाडीने निघालो. गाडीत माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे तांबूला कुठे नेणार. शेजारचे बन्सीलाल म्हणाले, वहिनी, मी कुठे जात नाही, किल्ली माझ्याकडे द्या, मी आहे ना. आम्ही तांबूला घरात ठेवलं, परातभर पाणी ठेवलं, बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

बन्सीलाल दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोला ताप आला, तेव्हा ते घाबरले. त्यांनी आपली आणि आमची अशा दोन्ही किल्ल्या पलीकडच्या शोभाबाईंना दिल्या. शोभाबाईंकडे तोवर सात घरांच्या किल्ल्या जमल्या होत्या. त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला, तेव्हा त्यांनी सगळा जुडगा कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळात खिळ्याला अडकवला. पुजारी आहेत, ते बघतील. पुजारी आदल्या दिवशीच गेले होते. यात कोणी वाईट नव्हतं. प्रत्येकाने किल्ली जपून पुढच्याच्या हातात दिली होती.

चौदा दिवसांनी दिलीप आणि तुषार माझ्या एक दिवस आधी पुढे गेले, घर झाडून ठेवायला. मी दुसऱ्या दिवशी पोचले. दिलीप म्हणाले, तांबू खिडकीतून पळाली, येईल कधीतरी. मी घरात शिरले आणि दार लावून घेतलं. दाराला आतून हिरवा रंग दिला होता, ओलाच होता. फक्त आतून. आणि फक्त कंबरेपर्यंत.

मी त्यांना कधीच काही विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. एकतीस वर्षं झाली.

दुसरी जागा कामरेजच्या पुढे शेतात होती. आंब्याची झाडं, जाळी लावलेल्या खोल्या, पाण्याचा हौद. कुत्री भुंकत होती, एकमेकांवर गुरगुरत होती, शेपट्या हलवत होती. मालक ठाकोरभाई साठीचे, पायात स्लिपर, खिशात बिस्किटं. चिंध्या सहसा परक्याजवळ जात नाही, पण त्याने ठाकोरभाईंचा हात हुंगला आणि त्यांच्या पायाशी बसला. मी गोळीचं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. मग मी तोच प्रश्न विचारला.

"मारी पासे, बा," ते म्हणाले. "हुं अहीं ज सूऊं छुं."

चावी माझ्याकडे असते, मी इथेच झोपतो. खोटं नव्हतं ते. कोपऱ्यात त्यांची खाट होती, उशाला पाण्याचा तांब्या होता. मी जागा नक्की केली. घरी येताना तुषार म्हणाला, झालं समाधान? मी हो म्हटलं. पण रात्री पडल्यावर सगळं डोळ्यांपुढे येत राहिलं.

भाऊबीजेच्या सकाळी आठला चिंध्याला गोळी दिली. नऊ वाजता आम्ही कामरेजला पोचलो. त्याच्या पिशवीत त्याची वाटी होती, दिलीपची जुनी चादर होती, गोळ्यांचं पाकीट होतं, आणि मी मोठ्या अक्षरांत गुजरातीत लिहिलेली चिठ्ठी होती. ठाकोरभाईंनी पिशवीला आणि चिंध्याच्या पट्ट्याला एकाच नंबरची पत्र्याची टिकली लावली. चिंध्याने मागे वळून पाहिलं. मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर निघाले नसते.

कडोदऱ्याच्या अलीकडे रस्त्याला वाहनांची रांग लागली होती. पाणी प्यावं म्हणून मी पायाशी ठेवलेली थैली उघडली, तर वर भाकरीचा डबा. कळण्याची भाकरी मी पहाटे करून ठेवली होती आणि ती गाडीतच राहिली होती. तुषारने पुढच्या वळणावरून गाडी फिरवली.

पुन्हा कामरेजला पोचलो तेव्हा ठाकोरभाई नवा झब्बा घालून मोटरसायकलला किक मारत होते. बहिणीकडे भाईबीजेला निघाले होते. मी डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि फळीवर ठेवला. त्या फळीवर ओळीने पिशव्या होत्या, आणि त्यात चिंध्याचीही होती. चादरीचं निळं टोक बाहेर आलेलं होतं.

मी जाळ्या बघत गेले. चिंध्याच्या खोलीत एक मोठा काळा कुत्रा होता.

"आमचा कुठाय?" मी विचारलं.

"ए तो बहार आपेलो छे, बा," ते अगदी सहज म्हणाले.

बाहेर दिलाय. सुरतेत पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. इथे एका छपराखाली काहीच पुरं होत नाही. कापड एकाचं, रंग दुसऱ्याकडे, भरतकाम तिसऱ्याकडे, आणि लेस लावायला कोणाच्या तरी घरी. दिलीप सांगायचे, पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, वाटतं आपला माल आपल्यापुढे आहे, आणि तो चार गावं फिरून येतो. ठाकोरभाईंकडे तीस कुत्र्यांची जागा होती आणि दिवाळीत बेचाळीस आली होती. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं. म्हणून कडोदऱ्याच्या एका ओळखीच्याची पावरलूमची शेड, जी दिवाळीभर बंद असते, तिथे बारा कुत्री टेम्पोने पाठवली होती. पंखा आहे, पाणी आहे, वॉचमन आहे. सीझनमध्ये सगळेच देतात, ते म्हणाले, आणि पिशव्या संध्याकाळच्या फेरीत जाणारच आहेत.

"संध्याकाळी पिशव्या कोण नेणार?" मी विचारलं. "तुम्ही तर बहिणीकडे चाललात."

त्यांनी फळीवरचा डबा आणखी आत सरकवला. मग म्हणाले, "तमे चिंता नहीं करो. हुं बेठो छुं ने."

मी आहे ना. तुषारने चिंध्याची पिशवी आणि भाकरीचा डबा फळीवरून उचलला. मी शेडचा पत्ता एका कागदावर लिहून घेतला. ठाकोरभाईंना वाईट वाटलं असावं, ते गाडीपर्यंत आले. माझ्याच्याने त्यांच्याशी बोलवलं नाही. मला स्वतःचाच राग येत होता. चावी कोणाकडे असते हे मी विचारलं होतं. कुत्रा कुठे असतो हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कामरेज ते कडोदरा अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तो कधी इतका लांबला नव्हता. तुषार दोनदा म्हणाला, काही झालं नसेल, आई.

शेडांच्या त्या गल्लीत एक माणूस दिसत नव्हता. सगळी शटरं खाली. एरवी तिथे दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, आणि त्या दिवशी आमच्या गाडीखालचे खडे वाजत होते. मग शेवटच्या शेडमधून भुंकणं ऐकू आलं. दाराला बाहेरून कुलूप होतं. समोरच्या ओट्यावर एक तिशी-पस्तिशीचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, शेजारी बॅग आणि मिठाईचा खोका. माझी मराठी पद्धतीची साडी बघून तो उठला आणि अहिराणीत बोलायला लागला. त्याचं नाव भटू, गाव दोंडाईच्याजवळचं. एकच्या बसने तो बहिणीकडे निघाला होता.

मी म्हटलं, आधी दार उघड.

आत बंद मागांवर प्लॅस्टिक टाकलेलं होतं आणि प्रत्येक मागाच्या पायाला एक कुत्रा बांधलेला होता. सगळी एकदम उठली, साखळ्या ताणल्या गेल्या. मी चिंध्याला हाका मारत होते. तो कुठे दिसेना. अगदी मागे, भिंतीजवळ, कोऱ्या कापडाच्या तुकड्याखाली काहीतरी पडलेलं होतं आणि ते कापड हलत नव्हतं.

तुषारने कापड काढलं. चिंध्या आडवा पडला होता. खालची फरशी ओली होती, तोंडाजवळ फेस वाळला होता. डोळे उघडे होते, पण ते मला बघत नव्हते. मी गुडघे कसे टेकले ते आठवत नाही. त्याच्या छातीवर हात ठेवला. आत काहीतरी चाललं होतं, फार हळू.

भटू मागून म्हणाला, की मघाशी तो थरथरत होता, थंडी वाजली असेल म्हणून मी कापड घातलं. बिचाऱ्याने जे सुचलं ते केलं होतं. झटका म्हणजे काय ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते सगळं चिठ्ठीत होतं, आणि चिठ्ठी तेव्हा कामरेजला फळीवर होती.

मी दिलीपची चादर त्याच्या नाकाजवळ धरली आणि नाव घेत राहिले. पाच मिनिटं झाली असतील, दहाही झाली असतील. मग त्याचं नाक हललं. मग त्याने मान उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, आणि त्याने जीभ काढून माझं मनगट चाटलं. तुषार उभ्या उभ्या रडला. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ताची वेळ गेली, आता त्याच्याजवळून हलू नका आणि आठची गोळी वेळेवर द्या.

चिंध्याला गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. तुषारने घड्याळ बघितलं, बारा वाजून गेले होते. भटूने शेडचं दार ओढलं आणि कुलूप लावायला घेतलं.

"तू गेल्यावर इथे कोण?" मी विचारलं.

"सुकदेव येई संध्याकायले," तो म्हणाला. "त्याले सांगेल शे."

कोणी सांगितलंय, हे त्याला माहीत नव्हतं. शेडचे शेठ बोलणार होते म्हणे. मी त्याला सुकदेवला फोन लावायला लावलं. सुकदेव, तिथला दुसरा वॉचमन, धनत्रयोदशीपासून साक्रीला गावी होता. त्याला कोणीच काही विचारलं नव्हतं.

भटूच्या हातात कुलूप होतं आणि त्याचा चेहरा उतरला होता. मला कळत होतं की तो वाईट माणूस नाही. बन्सीलालही नव्हते. आतली अकरा कुत्री गप्प झाली होती, आणि दार बंद होताना ऐकून त्यांतलं एक बारीक रडायला लागलं.

तुषार माझ्या दंडाला धरून म्हणाला, "आई, आपला मिळाला. चल आता. मामा वाट बघतोय. बाकीच्यांचं त्यांचे मालक बघतील."

"मला बाहेरून कुलूप लागलेलं दार सोडून जाता येत नाही, तुषार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझा दंड सोडला.

"मला माहितीये," तो म्हणाला. "बाबांनी ब्रश माझ्या हातात दिला होता. वर माझा हात पुरत होता. पण ओरखडे कंबरेच्या खालीच होते."

तेरा वर्षांचा होता तो. एकतीस वर्षं त्याने ते माझ्यापासून लपवलं आणि मी त्याच्यापासून. तो गेला आणि ओट्यावरची फळी पुसून माझ्यासाठी बसायला जागा केली.

भटू घोटाळला होता. शेठने किल्ली कोणाला द्यायला मनाई केली होती, बस चुकत होती. "बहीन वाट देखी ऱ्हायनी, मावशी," तो म्हणाला. मी म्हटलं, तू जा, बहिणीचा सण आहे, किल्ली ठेव आणि जा. त्याने मला खालीवर पाहिलं.

"तुम्ही खरंच बठतीस का आठे?"

"बसते," मी म्हटलं. "दार उघडं टाकून बसते."

तो किल्ली माझ्या मांडीवर ठेवून, बॅग उचलून धावत सुटला.

मग मी ठाकोरभाईंना फोन लावला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर फुटला असता. गुजरातीत सांगितलं, की माझ्या कुत्र्याला तुमच्या शेडमध्ये झटका आला. वॉचमन गेला, सुकदेव येणार नाही. किल्ली माझ्यापाशी आहे आणि मी ओट्यावर बसले आहे. माझा भाऊ नंदुरबारला अंथरुणावर आहे आणि तिकडे जायला मला उशीर होतो आहे. तुम्ही स्वतः अकरा पिशव्या घेऊन येईपर्यंत मी उठणार नाही.

पलीकडून फोन बंद झाला.

मी बसले. तुषारने शेडच्या हौदातून पाणी काढून कुत्र्यांना दिलं. ऊन ओट्यावर आलं. योगराजचा फोन आला, निघालात का म्हणून. मी म्हटलं, रस्त्यात आहोत. त्याने मोबाइल रामदासच्या कानाशी धरला असावा, कारण मला फक्त श्वास ऐकू आला, घरघरता. मी म्हटलं, येते रे, येतेच. दोन वाजले. अडीच वाजले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मला वाटायला लागलं, ठाकोरभाई येणार नाहीत. आज रामदासला काही झालं, तर अकरा परक्या कुत्र्यांपायी मी भाऊबीज चुकवली, हे मला मरेपर्यंत पुरेल. उठावं, असं दोनदा मनात आलं. किल्ली हातात घामेजली होती.

तीनच्या सुमाराला एक व्हॅन वळली. ठाकोरभाई उतरले, कपाळावर ओला टिळा होता, अक्षत चिकटलेली. त्यांच्यामागून एक जाडजूड बाई उतरली, रेशमी साडी गुडघ्याशी खोचलेली. त्यांची बहीण, जशुबेन. ठाकोरभाई माझ्याकडे बघत नव्हते. जशुबेनने मात्र थेट माझ्यापुढे येऊन सांगितलं, की हा ताटावर बसला होता, फोन आला आणि याचा घास हातातच राहिला. मी विचारलं काय झालं, तेव्हा याने सांगितलं. मी म्हटलं, ताट झाकून ठेवते, चल, मी पण येते.

त्यांनी पिशव्या उतरवल्या. टिकलीचा नंबर बघून प्रत्येक पिशवी त्या त्या कुत्र्यापुढे ठेवली. ठाकोरभाई एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत होते आणि जशुबेन ऐकत होती. एकाला अंधाराची भीती, एकाच्या डोळ्यांत थेंब घालायचे, एकीला दूध चालत नाही. वाचताना त्यांचा आवाज खाली खाली जात होता.

शेवटी ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बा, मारी भूल थई."

मी किल्ली पुढे केली. ती जशुबेनने घेतली. आज आम्ही दोघं इथेच झोपणार, कामरेजला माझा मुलगा बसलाय, ती म्हणाली. "तमे जाओ, बा. तमारो भाई राह जोतो हशे."

मी तिच्याकडे बघितलं. असं आश्वासन देणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवायची मला सवय नाही. पण एक वेळ अशी येते, की उठावंच लागतं. मी उठले.

चिंध्याचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले. बारडोली गेली, व्यारा गेलं. सोनगडच्या पुढे अंधार पडायला लागला. दर गावाला मी जशुबेनला फोन करत होते. ती दर वेळी उचलत होती. घाटात रेंज गेली आणि तेवढा अर्धा तास मी चिंध्याचा श्वास ऐकत बसले. तो घेत होता. पुढचा घेईल की नाही, एवढंच डोक्यात येत होतं.

नंदुरबारला आठला पाच कमी होते. योगराजच्या दारात दिवे लागले होते, वर्षा ताम्हण घेऊन उभी होती. तुषारने गाडीत दिवा लावला, मी भाकरीत गोळी दाबून चिंध्याला भरवली. त्याने घास गिळला. जमिनीवर काही पडलं नाही. वर्षा गाडीपाशी आली आणि खिडकीतून आत बघत राहिली.

मी घाईने म्हटलं, की हा आत येणार नाही, तुषार त्याच्याबरोबर गाडीतच झोपेल, तू काळजी करू नकोस.

"आत्या, मागची ओसरी रिकामीच आहे," ती म्हणाली. "दादांच्या खोलीत नको म्हणाले डॉक्टर. एकदा विचारायचं तरी."

तुषारने चिंध्याला उचलून ओसरीवर नेलं.

रामदास उशीला टेकून बसवलेला होता. डाव्या हाताने त्याने माझी बोटं धरली, ती सोडेना. मी निरांजन लावलं. तेवढ्यात माझा फोन वाजला, जशुबेनचा नंबर. तो घ्यायचं धाडस मला होईना. वर्षाने फोन घेतला, ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, "कोणी बाई आहेत. म्हणतात, दहा जण जेवले. एक जेवत नाही, नुसता दाराकडे बघतोय. त्याच्या चिठ्ठीत जेवणाचं काही लिहिलेलं नाही. काय देऊ विचारतायत."

"म्हणावं, रोटला दुधात कुस्करून द्या," मी म्हटलं. "आणि तो खाईपर्यंत त्याच्याजवळ बसा."

वर्षाने तसं सांगितलं. मी ताम्हण उचललं आणि रामदासला ओवाळायला लागले.